ठिकरीची पारख

मुलांनो, ठिकरीचा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असेल. कोठे त्याला जिबली म्हणतात, कोठे बिल्लस, तर कोठे टिक्कर-बिल्ला. नावे निराळी असली तरी अंगणात आखलेली घरे, रेघेमागे उभे राहून त्या घरांत टाकायची ठिकरी आणि लंगडी घालत केलेला प्रवास या गोष्टी सगळीकडे सारख्याच. या खेळात लंगडीचे कौतुक फार होते. कोण किती वेळ एका पायावर टिकला, कोणाचा पाय टेकला, कोणाचा रेघेवर पडला, यावरून भांडणे जुंपतात. ठिकरीकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. वाटेत दिसेल तो तुकडा उचलावा आणि खेळायला लागावे, अशीच सर्वांची रीत. माझीही तीच होती आणि तिच्यापायी मला एका उन्हाळ्यात पाण्याच्या पुष्कळ घागरी वाहाव्या लागल्या.

ती हकीकत कुर्डुवाडीची. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव रेल्वेचे गाव म्हणून ओळखले जाते. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावरील या स्थानकाला पूर्वी बार्शी रोड असे म्हणत. 1897 साली येथून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. पुढे हा मार्ग एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपुरावरून मिरजेपर्यंत वाढला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी ओसंडून वाहणारी ती चिमुकली गाडी आम्हां मुलांना घरच्या माणसासारखी वाटे. आता तेथे रुंद रूळ आले आहेत आणि ती गाडी राहिलेली नाही. माझे वडील तेथील रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. आम्ही एका बैठ्या चाळीत राहत होतो आणि चाळीपुढे तांबूस धुळीचे मोठे अंगण होते.

1972 साली पावसाने पाठ फिरवली आणि महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. पुढच्या वर्षीचा उन्हाळा तर फारच कडक गेला. आमच्या जवळच्या दोन विहिरी आटल्या. अर्ध्या मैलावरच्या तिसऱ्या विहिरीत थोडे पाणी झिरपत असे. तेथे संध्याकाळी घागरींची रांग लागे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि माझी थोरली बहीण, आमची अक्का, पंधरा वर्षांची. संध्याकाळच्या दोन खेपा आम्हां दोघांपैकी एकाने करायच्या होत्या. त्या कोणी करायच्या, हे आम्ही ठिकरीच्या डावावर ठरवू लागलो. हरेल त्याने घागर उचलायची. आईला हा सौदा मुळीच पसंत नव्हता. परंतु पाणी घरात येत होते, म्हणून ती गप्प बसली.

पहिले अकरा दिवस मीच घागर उचलली.

माझी ठिकरी मोठी देखणी होती. रेल्वेच्या फलाटाचे काम चालू असताना मिळालेला तो शहाबादी फरशीचा तुकडा होता. शहाबाद हे गाव आज कर्नाटकात आहे. तेथे जमिनीखाली चुनखडीच्या खडकाचे थरावर थर आहेत. पहार घालताच एकेक थर सपाट सुटतो. म्हणून त्या फरश्या आमच्या भागात घरोघरी, ओट्या-ओट्यांवर दिसत. माझा तुकडा निळसर, गुळगुळीत आणि चांगला तळहाताएवढा होता. हातात घेतला की त्याचे वजन जाणवे. जड वस्तू जागची हलत नाही, तेव्हा ही ठिकरी टाकली तेथेच बसेल, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा होता. का, ते पुढे शाळेत शिकवताना मला नीट उमगले. एकाच पदार्थाचे दोन तुकडे, एक जड आणि एक हलका, सारख्याच वेगाने सपाट जमिनीवर सोडले, तर ते जवळजवळ सारखेच घसरतात. जड तुकड्यावर जमिनीचे घर्षण अधिक होते हे खरे; परंतु त्याला थांबवायला जोरही तितकाच अधिक लागतो. वजन वाढवून घसरण कमी होत नाही. ती कमी होते अंगाच्या खरखरीतपणाने, आणि ठिकरी कोणत्या कोनातून खाली येते त्यावरून. माझी गुळगुळीत फरशी चौथ्या घरात पडे आणि पाचव्यात जाऊन थांबे. कधी थांबलीच, तर तिचा एखादा कोपरा रेघेवर असे. कारण ती होतीच तेवढी मोठी. रेघ लागली की डाव गेला.

अक्काची ठिकरी पाहून कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नसते. फुटलेल्या माठाचे ते एक खापर होते. रुपयाहून दुप्पट रुंद, काळपट-तांबडे, कडा घासून गोल केलेले. मी तिला म्हणालो, “अक्का, तुझे नशीब चांगले आहे.”

ती म्हणाली, “नशीब कसले? तू ठिकरी पोचवतोस. मी ठिकरी बसवते.”

मला त्याचा अर्थ कळला नाही. तेव्हा तिने माझी पाटी आणायला सांगितली. अंगणात एकच घर आखले, पाच पावलांवर रेघ ओढली आणि म्हणाली, “तुझी फरशी दहा वेळा टाक. घरात पडली की नाही ते मोजू नकोस. घरात राहिली का, तेवढेच मोज.” मी दहा वेळा टाकली. नऊ वेळा ती घरात पडली आणि तीनच वेळा घरात राहिली. पाटीवर मी तीन रेघा ओढल्या. त्या तीन रेघांकडे पाहताना मला अकरा दिवसांच्या बावीस खेपा आठवल्या.

मग आम्ही मिळतील तेवढे तुकडे गोळा केले. चाळीच्या छपरावरची मंगलोरी कौले वाऱ्याने पडून फुटत. त्यांचे तुकडे मागच्या बाजूला होते. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि ती साच्यातली कौले पुढे दूरदूरच्या गावांत पोचली. त्यांच्या अंगावर पन्हळी असतात. पावसाचे पाणी वाहून जायला त्या सोयीच्या, पण ठिकरीला गैरसोयीच्या. कारण पन्हळीवर पडलेला तुकडा डुलतो आणि उलटतो. कौलाला आम्ही पाच रेघा दिल्या. फुटक्या पाटीचा तुकडा इतका पातळ होता की तो पडताच टणकन उडे. बांगडीची काच अक्काने हातातसुद्धा घेऊ दिली नाही. अनवाणी लंगडी घालणाऱ्याच्या वाटेत काच टाकणे हा खेळ नव्हे. नदीतला चपटा गोटा दिसायला फार सुरेख होता. शतकानुशतके पाण्याने घासून घासून त्याला गोल केले होते, आणि त्यामुळेच तो कोठेही थांबायला तयार नव्हता.

खापर मात्र पडताच थबके. कुंभार माठाच्या मातीत वाळू, राख असे काही मिसळतो आणि मग भाजतो. त्यामुळे माठाचे अंग सच्छिद्र राहते. त्यातून पाणी पाझरते, बाहेर येऊन हवेत उडून जाते आणि आतले पाणी गार होते. ज्या अंगाने पाणी गार होते तेच खरखरीत अंग धुळीला धरून राहते. आणखी एक गंमत अशी, की माठ गोल असल्यामुळे त्याचे खापर किंचित वाकलेले असते. त्याचे पोट खाली येईल असे टाकले, तर ते पाळण्यासारखे हलत राहते. पाठ वर आणि खोलगट बाजू खाली अशी टाकले, तर कड धुळीत रुतते आणि ठिकरी जागच्या जागी बसते. अक्का नेहमी पाठ वर ठेवूनच टाकी. शिवाय सोडताना ती मनगटाला हलकासा झटका देई. त्यामुळे ठिकरी भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरे आणि हवेत उलथीपालथी न होता जशी सुटली तशीच खाली उतरे. खापराला पाटीवर आठ रेघा मिळाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी कुंभारवाड्यामागच्या ढिगातून एक खापर निवडून आणले आणि ओट्याच्या दगडावर घासायला बसलो. असे घासताना एरवी पाणी शिंपडतात; पण त्या उन्हाळ्यात पाण्याचा थेंब ठिकरीसाठी कोण देणार? कोरडेच घासले. दोन दिवस लागले, बोटांची साले निघाली. प्रथम ते मी फार मोठे ठेवले, मग रेघेला लागते म्हणून लहान केले. मग इतके लहान झाले की लंगडी घालताना पायाने ढकलता येईना, म्हणून टाकून दिले आणि दुसरे घेतले. तिसरे खापर जमले. माझी तीन बोटे जुळवून ठेवली की त्यांच्याखाली बरोबर झाकले जाई.

त्या संध्याकाळी मी डाव जिंकलो. अक्काने काही न बोलता घागर उचलली. विहिरीवर त्या दिवशी रांग मोठी असावी. ती दुसरी खेप घेऊन परतली तेव्हा चांगला अंधार पडला होता. आई दारात उभी होती. मी ओट्यावर बसून ठिकरी हातात फिरवत होतो. अक्काने घागर उतरवली, पदराने मान पुसली आणि मला म्हणाली, “आज सातव्या घरात छान बसवलीस.” मला तिच्याकडे पाहवेना. दुसऱ्या दिवसापासून डाव पूर्वीसारखाच चालू राहिला, परंतु पाण्याला आम्ही दोघे जाऊ लागलो, एकेक घागर घेऊन. मग डावावर पैज कशाची उरली होती, हे मला सांगता येणार नाही. तरीही आम्ही खेळलो ते पूर्वीइतक्याच ईर्ष्येने.

1975 साली अक्काचे लग्न झाले आणि ती बार्शीला गेली. जाताना तिने आपली ठिकरी माझ्या हातावर ठेवली. गाडी सुटल्यावर मी घरी आलो आणि लगेच अंगणात घर आखले. आठ रेघांची ठिकरी आता माझी झाली होती! दहा वेळा टाकली. पाच वेळा राहिली. पुन्हा दहा वेळा टाकली, पुन्हा पाच. माझ्या स्वतःच्या ठिकरीने त्याच दिवशी सात वेळा घर राखले. अक्काची बोटे लांब व निमुळती होती आणि ती गुडघ्याजवळून झोका देऊन ठिकरी सोडी. माझी बोटे आखूड आणि मी छातीपासून टाकणारा. तिच्या झोक्याला जी कड अचूक होती, ती माझ्या बोटांत अडकत होती. ती ठिकरी मी कंपासपेटीत ठेवून दिली आणि खेळलो माझ्याच ठिकरीने. आजही ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

खापराची चकती करून खेळणे हे काही आमच्या चाळीत जन्माला आले नाही. सिंधू संस्कृतीच्या जुन्या नगरांत उत्खनन करताना मडक्यांच्या तुकड्यांपासून घडवलेल्या गोल चकत्या सापडल्या आहेत. त्यांतील काही खेळण्यासाठी असाव्यात असे अभ्यासकांना वाटते. अमेरिकेतही असेच काहीसे घडले. तेथील कनेटिकट राज्यात फ्रिस्बी नावाची एक बेकरी होती. तिच्या गोड पावांच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या मुले एकमेकांकडे भिरकावत. पुढे 1957 साली प्लास्टिकची उडती थाळी बाजारात आली आणि तिला त्या बेकरीवरून फ्रिस्बी हे नाव पडले. आपल्याकडे माठ फुटला की ठिकरी, त्यांच्याकडे पाव संपला की थाळी!

या थाळीपासून जो एक खेळ निघाला, त्याची ओळख मला अक्काच्या नातवाने करून दिली. तो कॅलिफोर्नियात शिकतो. मागे एकदा नाताळच्या सुटीत तो कुर्डुवाडीला आला तेव्हा त्याच्या पिशवीत तीन चकत्या होत्या. खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत मारत दूरच्या खळीत घालतात. येथे चेंडूऐवजी चकती हाताने फेकायची आणि खळीऐवजी खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांना आदळते आणि खाली टोपलीत पडते. ज्याला कमीत कमी फेकी लागतील तो जिंकला. 1975 साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक या गृहस्थाने या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांच्या टोपलीची कल्पनाही त्याचीच.

या खेळात लांबच्या फेकीची चकती वेगळी आणि टोपलीजवळच्या शेवटच्या फेकीची वेगळी. लांबच्या चकतीची कड पातळ, धारदार असते. ती वारा कापत वेगाने जाते. 1983 पर्यंत अशी कड कोणी केलेली नव्हती, सगळ्या चकत्या बोथटच असत. पण या धारदार चकतीला वेग लागतो. हळू फेकली तर ती एका अंगाला झुकते आणि जमिनीवर पडून दूर घसरत जाते, माझ्या शहाबादी फरशीसारखी. म्हणून शेवटच्या फेकीसाठी जुनी बोथट, जाड कडेची चकतीच वापरतात. तिला पटर म्हणतात. ती हळू फेकली तरी सरळ तरंगत जाते आणि पडली तर फार लांब पळत नाही. नियमाप्रमाणे कोणत्याही चकतीचे वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे 21 सेंटिमीटर रुंदीची चकती सुमारे 174 ग्रॅमच्या आतच हवी. आणखी एक नियम मला फार आवडला. टोपली दहा मीटरच्या आत असेल, तर फेकल्यावर तोल सावरून स्थिर उभे राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. हा नियम करणाऱ्याने लहानपणी लंगडी घातली असेल काय, असे माझ्या मनात आले.

नातवाजवळ दोन पटर होते. एक मऊ, बोटांनी दाबला की वाकणारा. दुसरा कडक आणि नवा, चकचकीत. मुलगा त्रासून गेला होता. लांबच्या फेकी त्याला उत्तम साधत; पण टोपलीपासून सहा-सात पावलांवर आला की चकती बाहेर जाई. त्याच्या गावच्या मुलांच्या सामन्यात तो दोन वेळा अशाच शेवटच्या फेकीने हरला होता. प्रत्येक हरण्यानंतर तो पटर बदलत होता. मला म्हणाला, “आजोबा, यांतला चांगला कोणता?”

मी उत्तर देण्यापूर्वी अक्काने दोन्ही चकत्या हातात घेतल्या. तिचे वय आता सत्तरीकडे झुकले आहे. या खेळाचे नाव तिने त्या दिवशी प्रथमच ऐकले होते. तिने कडेवरून अंगठा फिरवला, चकती उलटी करून आतली खोली बोटाने पाहिली आणि विचारले, “तुझ्या हाताला घाम येतो का रे?”

“सामन्यात येतो, आजी.”

“मग ही गुळगुळीत निसटत असेल. आणि ही मऊ कधी बोटांना चिकटून उशिरा सुटते का?”

मुलगा तिच्याकडे पाहतच राहिला. मऊ प्लास्टिक घामातही पकड देते, साखळीला आदळले की उसळत नाही. पण बोटांतून सुटायला थोडे रेंगाळते. कडक चकती स्वच्छ सुटते, मात्र ओल्या हातात दगा देते. शिवाय थंडीत मऊ चकतीही ताठ होते आणि उन्हात कडक चकतीही थोडी सैलावते. हे सगळे त्याला त्याच्या शिक्षकांनी सांगितले होते. आजीला कोणी सांगितले, हे त्याला कळेना.

अक्काने मला बांबूची टोपली आणायला पाठवले. ती आम्ही अंगणातल्या खांबाला कमरेच्या उंचीवर बांधली. सात पावलांवर तिने पायाने रेघ ओढली आणि ओच्यात मूठभर चिंचोके घेऊन ओट्यावर बसली. “प्रत्येक चकती दहा वेळा टाक,” ती म्हणाली. “टोपलीत राहिली की एक चिंचोका. लागून बाहेर पडली तर नाही.”

आधी मऊ चकती झाली. सहा चिंचोके. मग कडक चकती. मुलाला ती जिंकावी असे वाटत होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. नवी होती, रंगही सुरेख होता. पहिल्या चार फेकी टोपलीत राहिल्या, मग तीन बाहेर गेल्या, मग एक कडेवर आपटून धुळीत पडली. शेवटच्या दोन्ही आत. तेही सहाच.

“दोन्ही सारख्याच निघाल्या, आजी. आता?”

अक्काने सगळे चिंचोके पुन्हा ओच्यात गोळा केले. “आता ऊन उतरेल, वारा सुटेल,” ती म्हणाली. “वाऱ्यात आणखी दहा-दहा टाक.”

मुलगा चकत्या उचलून पुन्हा रेघेमागे जाऊन उभा राहिला.